परमुलखातलं मन आणि समत्वाचा उपदेश

जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडी सळई तयार होते. भंगार वितळवणारी भट्टी सोळाशे अंशांच्या आसपास तापते, तिच्यातला रस ओतून बिलेट पाडतात, आणि ते बिलेट लालबुंद असतानाच रोलिंग मिलमधून दाबत-ओढत सळई होऊन बाहेर येतं. या भट्ट्यांवर आणि मिलवर उभा असलेला माणूस बहुधा जालन्याचा नसतो. बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, मध्य प्रदेश इथून तो आलेला असतो, आणि पाळी संपली की पाच-सहा जणांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत जाऊन पडतो. तिथेच शेगडी, तिथेच अंथरूण, आणि भिंतीवरच्या एकाच बोर्डाला सगळ्यांचे मोबाईल चार्जिंगला लावलेले. घरचा फोन आला की माणूस आपला मोबाईल काढून घेतो आणि बाहेर अंधारात, भिंतीला टेकून बोलतो. याच शहरातून एखाद्या अडत्याचा किंवा मास्तरांचा मुलगा शिकायला जर्मनीला, अमेरिकेला जातो. दोघांच्या पगारात, कागदपत्रांत, परतीच्या तिकिटात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो विसरून चालणार नाही. पण मनाचं जे होतं ते दोघांचं बरंचसं सारखं असतं. आधी नवलाई, मग एकाएकी भरून येणं, अन्नावरची वासना उडणं, फोन ठेवल्यावर झोप न लागणं, मग काही महिने बरे जाणं, आणि सण तोंडावर आला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मनाच्या या चढउतारांवर आपल्याकडे एक उत्तर तयार असतं: मन आवर, सवय होईल, सुखदुःखं येतात आणि जातात. उत्तर देणारा ते आपल्या पदरचं म्हणून देत नाही, त्याच्यामागे गीतेचा दुसरा अध्याय उभा असतो. थंडी-ऊन, सुख-दुःख यांना येणं-जाणं आहे, ती कायमची नाहीत, ती सोस, असं श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो. समत्वाची ही शिकवण भारतीय विचारातल्या सर्वांत उंच गोष्टींपैकी एक आहे आणि तिच्याशी माझं भांडण नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की घरापासून तुटलेल्या माणसाला ती औषध म्हणून दिली जाते तेव्हा रोगाचं निदानच चुकलेलं असतं. परमुलखात मन डळमळतं ते अज्ञानापोटी किंवा दुबळेपणापोटी नाही. त्या वेळी ते एक खरी गोष्ट अचूक ओळखत असतं: इथे मी नसलो तर कुणाचं काही अडणार नाही, माझी आठवण काढणारं इथे कुणी नाही. जे मन खरं तेच सांगतं आहे, त्याला गप्प बसवणं हे धर्माचं काम असू शकतं का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आधी मानसशास्त्राकडे पाहू, कारण हल्ली उपदेशाची जागा पुष्कळदा तेच घेतं. स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञाने फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांचा अभ्यास १९५५ साली प्रसिद्ध केला. सहा महिन्यांहून कमी आणि दीड वर्षाहून जास्त राहिलेले लोक बरे रुळलेले, मधल्या काळातले मात्र खचलेले, असं त्याला दिसलं. पुढे १९६० साली कालेर्वो ओबर्गने हीच वाट टप्प्यांत मांडली: नवलाई, संकट, सावरणं, रुळणं. आज परदेशी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना हा खाली उतरून वर चढणारा आलेख दाखवला जातो आणि धीर दिला जातो की तुमचंही असंच होईल. त्यात दिलासा आहे, हे मान्य. पण नंतरच्या अनेक अभ्यासांना हा आलेख सगळीकडे सापडला नाही. काहींना तर सर्वांत मोठा ताण अगदी सुरुवातीलाच दिसला, नवलाईचा मागमूसही नाही. शिवाय हा आलेख एकदाच गेलेल्या माणसाचा आहे. मिलमधला कामगार छठपूजेला, पेरणीला, बहिणीच्या लग्नाला गावी जातो आणि परत येतो. दर फेरीला त्याला पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आलेखात फक्त जाणाऱ्याचं मन दिसतं. त्याला ज्यांनी ठेवून घेतलं किंवा घेतलं नाही, ते लोक त्यात कुठेच नाहीत. १६८८ साली योहानेस होफर या तरुण वैद्याने बाझेलमध्ये, परमुलखात झुरणाऱ्या स्विस माणसांच्या अवस्थेला प्रथमच एका रोगाचं स्वरूप दिलं, तेव्हा त्याने सुचवलेला खरा उपाय होता रोग्याला घरी पाठवणं. त्याचं वैद्यक कच्चं होतं, पण दुखणं माणूस आणि जागा यांच्या मधलं आहे, एकट्या माणसाच्या डोक्यातलं नाही, हे त्याला कळलं होतं.

आता गीता. तो उपदेश कुणाला केला आहे हे नीट पाहायला हवं. अर्जुन परमुलखात नव्हता. तो स्वतःच्या कुळाच्या भूमीवर उभा होता, समोर आजोबा, गुरू, मामा, भाऊ, आणि त्याला गलबलून आलं ते सगळेच आपले आहेत म्हणून. आपलेपणाच्या भाराखाली त्याचे हात गळले होते. त्याला त्या भारातून सोडवून कामाला लावायचं होतं, म्हणून समत्व. भट्टीवरच्या माणसाची अडचण बरोबर उलटी आहे. त्याच्या समोर आपलं असं कुणीच नाही, आणि कर्तव्याला तर त्याने पाठ दाखवलेलीच नाही. कर्तव्य करायलाच तो आला आहे, पाळी संपेपर्यंत ते करतो आहे आणि महिन्याच्या महिन्याला घरी पैसे पाठवतो आहे. शिवाय तो श्लोक सोसायला सांगतो. दुःख खोटं आहे असं तो म्हणत नाही. सोसणाऱ्याने स्वतःच्या निश्चयाने सोसावं यात थोरवी आहे. ज्याच्या वाट्याला ते सोसणं आलेलं नाही त्याने दुसऱ्याला ते सांगावं, यात थोरवी नाही.

या शंकेचं उत्तर शोधायला आपल्या परंपरेबाहेर जावं लागत नाही. भागवताच्या दशम स्कंधात नेमका हाच प्रसंग आहे. कृष्ण गोकुळ सोडून मथुरेला गेला, आणि मागे राहिलेल्यांची समजूत काढायला त्याने उद्धवाला पाठवलं. उद्धव ज्ञानी, बृहस्पतीचा शिष्य. त्याने नंद-यशोदेला आणि गोपींना सांगितलं की कृष्ण सर्वत्र आहे, त्याच्यापासून कुणी दूर असूच शकत नाही, विरह हा भास आहे. तत्त्व म्हणून यातला शब्दही चुकीचा नाही. पण गोपींच्या बोलण्यापुढे ते ज्ञान थिटं पडलं, आणि शेवटी बदलला तो उद्धव. या स्त्रियांच्या पायांची धूळ अंगावर पडावी म्हणून पुढच्या जन्मी वृंदावनात एखादं झुडूप, एखादी वेल व्हावं, अशी इच्छा घेऊन तो परतला. भागवतकारांनी वादाचा निकाल इतका उघड दिला आहे, तरी परमुलखातल्या माणसासमोर आपण उद्धव होऊन जातो आणि परत येताना उद्धवासारखे नम्र मात्र झालेले नसतो, याचं मला वाईट वाटतं. भक्तीची सगळी परंपरा विरहाला अज्ञान मानत नाही. ज्याच्यापासून तुटलो तो खरोखर आपला होता याची ती खूण मानते. आषाढीला पंढरपूरला जाणारा वारकरी विठ्ठल गावच्या देवळातही आहे हे जाणतो, आणि तरी चालत जातो. ओढ मारून टाकण्याऐवजी वारीने तिला तिथी दिली, वाट दिली, मुक्काम दिले.

कुणी म्हणेल, ही भावनेची बाजू झाली. विरक्तीची बाजू मांडायला याच जिल्ह्यात जन्मलेले समर्थ रामदास आहेत, त्यांचं काय? घनसावंगी तालुक्यातलं जांब हे त्यांचं गाव, जन्म १६०८ चा. बाराव्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावरून ते निघून गेले, नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं तपश्चर्या आणि मग बारा वर्षं तीर्थाटन, असं परंपरा सांगते. ज्यांनी सगळा मुलूख पायाखाली घातला, मनालाच उपदेश करणारे श्लोक रचले, त्यांच्या विरक्तीबद्दल कुणी शंका घेणार नाही. पण त्याच परंपरेने आणखी एक गोष्ट जपून ठेवली आहे. तीर्थाटन संपल्यावर ते जांबला आईला भेटायला आले. मुलाच्या वाटेकडे डोळे लावून राणूबाईंची दृष्टी गेली होती असं सांगतात. ही कथा चरित्रकारांनी गाळली असती तर विरक्तीचं चित्र अधिक कोरीव झालं असतं, पण त्यांनी ती गाळली नाही, आणि ऐकणाऱ्या पिढ्यांनीही ती टाकून दिली नाही. करुणाष्टकंही याच रामदासांची आहेत, तळमळीने भरलेली. मनाला आज्ञा देणारा आणि मनाची तडफड उघडी करणारा माणूस एकच आहे. त्यात मला विसंगती दिसत नाही. ओढ जिवंत असलेलाच माणूस मनाला आवर घालतो. जिथे ओढच नाही तिथे आवरायला काही उरत नाही.

मनाला आवरणं आणि मनाची तळमळ यांच्या या एकत्र असण्याला एक रोमन जोड आहे. इ. स. ४१ मध्ये सम्राट क्लॉडियसने सेनेका या स्टोइक तत्त्वज्ञाला कॉर्सिका बेटावर हद्दपार केलं. तिथून त्याने आपल्या आईला, हेल्वियाला, एक सांत्वनपत्र लिहिलं. हद्दपारी म्हणजे नुसता जागाबदल, आकाश आणि सद्गुण सगळीकडे बरोबरच येतात, हा त्या पत्राचा गाभा. स्टोइक विचारातलं ते एक देखणं पान आहे. पण त्याच बेटावरून त्याने पॉलिबियस नावाच्या, सम्राटाच्या जवळच्या माणसालाही लिहिलं. वरवर ते भावाच्या निधनाबद्दलचं सांत्वन, आतून मात्र सम्राटाची स्तुती आणि मला परत बोलवा ही विनवणी. यावरून त्याला ढोंगी ठरवणारे पुष्कळ झाले. मला तो ढोंगी वाटत नाही. आईला लिहिताना तो तिचं दुःख हलकं करत होता, दुसऱ्या पत्रात स्वतःचं सांगत होता. समत्वाचं तत्त्वज्ञान इतकं मुरलेल्या माणसाला आठ वर्षांच्या हद्दपारीत ते पुरलं नाही, तर पंचविशीतल्या पोराला ते एका फोनवर पुरावं ही अपेक्षा गैर आहे.

संन्याशाचं उदाहरण कामगाराला लावण्यात आणखी एक चूक होते, आणि ती मला सगळ्यांत गंभीर वाटते. संन्यासी घर सोडतो तेव्हा समाज त्याच्यासाठी हजार घरं उघडतो. त्याच्या झोळीत भिक्षा घालणं हे गृहस्थाचं कर्तव्य मानलेलं आहे. रामदासांनी ठिकठिकाणी मठ उभे केले, म्हणजे फिरत्या माणसालाही टेकायला जागा केली. जैन साधू एका गावी मुक्काम ठेवत नाहीत, पण चातुर्मासात त्यांना ठेवून घेणं हे श्रावकसंघ भाग्य समजतो. जालन्यासारख्या व्यापारी गावाला हे सांगायला नको. म्हणजे विरक्ती ही एकट्या माणसाची करामत कधीच नव्हती. तिच्यामागे एक अख्खी पाहुणचाराची व्यवस्था उभी होती. ज्याने स्वतःहून घर सोडलं त्याला आपण पाया पडून वाढतो, आणि पोटासाठी ज्याला सोडावं लागलं त्याच्याकडे भाड्याची खोली देताना संशयाने पाहतो. विरक्तीचा आदर्श त्याच्यापुढे ठेवायचा असेल, तर विरक्ताला मिळणारी भिक्षा, आदर आणि निवाराही त्याच्यापुढे ठेवायला हवा.

इथे एक आक्षेप येतो, आणि आतापर्यंतच्या माझ्या युक्तिवादाला खरी कसोटी त्याचीच आहे. घराची ओढ इतकी पवित्र मानली, तर ज्यांना घरानेच नाकारलं त्यांचं काय? १९१३ साली भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून पुढे लंडनला. परदेशातल्या त्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून टाकली होती, असं त्यांनी नंतर आठवणींच्या टिपणांत लिहिलं. १९१७ मध्ये ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून ते राहिले, आणि थोड्याच दिवसांत लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढलं. तो दिवस त्यांनी कमाटी बागेत बसून काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. परका मुलूख कोणता आणि घर कोणतं? न्यूयॉर्कमध्ये जो माणूस म्हणून वावरला, त्याला स्वदेशात पाय ठेवायला जागा नव्हती. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी खेड्याबद्दल जे कठोर शब्द वापरले, त्यामागे हे सगळं होतं. मराठवाड्यातल्या अनेक दलित कुटुंबांसाठी गाव सोडणं हा वियोग नव्हता, ती सुटका होती, आणि शहरात आल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं नाही म्हणून त्यांच्या मनाला उथळ म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही.

हा आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो, आणि त्यानेच माझं म्हणणं नेमकं होतं. ओढ मातीची असते हे अर्धवट निदान आहे. मातीवर माणूस प्रेम करतो ते तिथे त्याला मोजणारं कुणीतरी असतं म्हणून. हाक मारणारं, भांडणारं, तो आला नाही तर चौकशी करणारं, त्याच्यावर हक्क सांगणारं आणि त्याला हक्क सांगू देणारं. हे जिथे नाही ते जन्मगाव असलं तरी परमुलूख आहे, आणि जिथे आहे तो सातासमुद्रापारचा देश असला तरी घर होऊ शकतो. सिमोन वेल या फ्रेंच विचारवंत स्त्रीने १९४३ साली, स्वतः लंडनमध्ये निर्वासितासारखी राहत असताना, माणसाला मुळं धरता येणं ही आत्म्याची फार मोठी आणि सर्वांत दुर्लक्षित गरज आहे असं मांडलं. त्या मुळांचा अर्थ तिनेही जमिनीपेक्षा माणसांच्या जित्याजागत्या सहभागात शोधला. आंबेडकरांची बडोद्याची दुपार आणि भट्टीवरच्या कामगाराची रात्र यांच्या तळाशी एकच दुःख आहे. म्हणून मन स्थिर होण्याचा प्रश्न फक्त मनाकडे सोपवता येत नाही. तो आजूबाजूच्या माणसांकडेही तितकाच जातो.

मग परमुलखात माणूस खरोखर रुळतो तेव्हा काय घडतं? संत नामदेव, पंढरपूरशिवाय ज्यांना चैन नव्हतं, आयुष्याचा मोठा काळ पंजाबात राहिले. गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान त्यांच्या नावाने ओळखलं जातं, आणि २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं ते याच नात्याने. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहेत, आणि त्या पदांत विठ्ठलाचं नावही आहे. याचा अर्थ मला फार मोठा वाटतो. नामदेव तिथल्या लोकांच्या बोलीत गायले, म्हणजे त्यांनी त्या मुलखापुढे हात केला. पण विठ्ठल त्यांनी सोडला नाही. आणि पंजाबने परक्या माणसाचे शब्द, त्याच्या परक्या देवाच्या नावासकट, आपल्या पूज्य ग्रंथात घेतले. रुळणं असं दोन्ही बाजूंनी होतं. आठवण पुसली म्हणजे माणूस रुळला, ही समजूत नामदेवांच्या एका उदाहरणाने पडते. ज्याला आपली आठवण उघडपणे बरोबर ठेवू दिली जाते, तोच नव्या ठिकाणी खऱ्या अर्थाने राहू लागतो.

आनंदीबाई जोशींचं उदाहरण याहून हळवं आहे. समुद्रप्रवासाला धर्मसूत्रकार बौधायनाने पातकांत मोजलं होतं, आणि १८८३ साली अठराव्या वर्षी एकटी अमेरिकेला निघालेली ती मुलगी हे जाणून होती. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन असं बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत जाहीर सांगून ती गेली. फिलाडेल्फियाची थंडी, शाकाहार, खालावत गेलेली प्रकृती, आणि १८८६ मध्ये मिळालेली पदवी, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाईंचा उल्लेख मात्र आपण उपकारापुरता करतो. त्या बाईंनी तिला घरात घेतलं ते मुलगी म्हणून, तिचं जेवण, तिची साडी, तिचा देव यांसकट. २६ फेब्रुवारी १८८७ ला आनंदीबाई पुण्यात गेल्या, आणि त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाने पकीप्सीमध्ये आपल्या घरच्या दफनभूमीत, आपल्या माणसांशेजारी ठेवल्या. ‘स्वखुशीने गेला, मग तक्रार कसली?’ असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आनंदीबाई स्वखुशीने गेल्या होत्या. त्यामुळे त्यांचं दुःख कमी झालं नाही. ते सोसवलं कारण तिथे कुणीतरी त्यांना आपल्यात मोजलं. आणि स्वखुशी हा शब्द शहडोल किंवा गयेहून आलेल्या मजुराला लावण्याआधी तर दोनदा विचार करायला हवा.

एक शेवटचा आक्षेप राहतो, आणि तो जालन्याच्या तरुणांचा आहे. जागेवरचं प्रेम खरं असेल तर आमचंही खरं आहे. आमच्या गावच्या कारखान्यात आम्हाला आधी काम हवं, आणि स्थानिकांना ८० टक्के नोकऱ्या हे तर राज्याचंच जुनं धोरण आहे. या मागणीत अन्याय नाही. दुष्काळाने पिचलेल्या जिल्ह्यातल्या मुलाने दारातल्या कारखान्यात काम मागणं हा त्याचा हक्क आहे. चूक होते ती पुढच्या पायरीवर, आपला हक्क सिद्ध करायला दुसऱ्याला हाकलावं लागतं असं वाटू लागतं तेव्हा. २००८ मध्ये नाशिकहून उत्तर भारतीय कामगार घाबरून गाड्या भरभरून निघून गेले, ते याच पायरीवर. ज्या जिल्ह्यातल्या अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर तालुक्यांतून दरवर्षी कोयते घेऊन बैलगाड्या आणि ट्रक पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे उसाच्या फडावर जातात, तिथल्या माणसाला परमुलखातलं मन समजावून सांगावं लागू नये. फडावरच्या कोपीत आपल्या बहिणीला जसं वागवलं जावं असं वाटतं, तीच अपेक्षा एमआयडीसीतल्या खोलीत कुणाच्या तरी भावाची आहे. आपल्या मातीवरचं प्रेम दुसऱ्याची ओढ ओळखायला शिकवत नसेल, तर त्या प्रेमात काहीतरी उणं राहिलं आहे.

टाळेबंदीच्या काळात, ७ मे २०२० च्या संध्याकाळी जालन्याच्या एका स्टील कारखान्यातले वीस मजूर गावाकडे जायला निघाले. घरी जायची गाडी पकडण्यासाठी त्यांना भुसावळ गाठायचं होतं, म्हणून ते रुळांच्या कडेने रात्रभर चालले. या मार्गावर गाड्या बंद आहेत या समजुतीने थकून करमाडजवळ रुळांवरच झोपले, आणि ८ मेच्या पहाटे मालगाडीखाली त्यांतले सोळा जण गेले. सगळे मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले. बरोबर घेतलेल्या चपात्या रुळांवर विखुरलेल्या देशाने पाहिल्या. त्याच ७ मेच्या रात्री परदेशात अडकलेल्या भारतीयांना आणणारी पहिली विमानं अबुधाबी आणि दुबईहून केरळात उतरली. त्या विमानांत बसलेल्यांची ओढ आणि रुळांवर चालणाऱ्यांची ओढ एकच होती. संकटात सगळेच तिकडे निघाले होते जिथे त्यांना मोजणारं कुणीतरी होतं. एवढी घाई कशाला केली, इथेच थांबायचं होतं, असं तेव्हा अनेकांनी म्हटलं, आणि तोही समत्वाचाच उपदेश होता. टाळेबंदीत जालन्यात आणि सगळीकडे पुष्कळांनी डबे वाटले, शिधा दिला, ते खरं आहे आणि मोलाचं आहे. पण डबा पोटाची भूक भागवतो. आपण इथे मेलो तर आपल्याला कोण ओळखेल, या प्रश्नाला डब्यात उत्तर नसतं.

आपल्या कायद्याने या प्रश्नाची दखल एकदा घेतली होती, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली झालेल्या कायद्यात ठेकेदाराने आणलेल्या कामगाराला विस्थापन भत्ता देण्याची तरतूद होती: महिन्याच्या मजुरीचा निम्मा भाग किंवा ७५ रुपये, यांतलं जे जास्त असेल ते, मजुरीव्यतिरिक्त आणि परत न मागता. शिवाय गावाहून येण्या-जाण्याचा खर्च. अंमलबजावणी किती झाली हा वेगळा आणि दुःखाचा विषय आहे. पण घर सुटणं हीच एक हानी आहे, मजुरी दिली म्हणून ती भरून निघत नाही, हे तत्त्व त्या एका कलमात होतं, आणि धर्माने जे म्हणायला हवं होतं ते तिथे कायदा म्हणाला होता. २०२० च्या श्रमसंहितेत प्रवासभत्ता राहिला, विस्थापन भत्ता गेला. शेगावची पालखी पंढरपूरहून परतताना जालन्यातून जाते तेव्हा हेच शहर अनोळखी पायांना पाणी घालतं, कोण-कुठला न विचारता पंगती वाढतं. चालून आलेल्या परक्याला मोजायचं कसं हे इथल्या धर्माला येतं. म्हणून हा भत्ता पुन्हा कायद्यात यावा, आणि एमआयडीसीतल्या प्रत्येक ठेक्यावर कामगाराच्या नावाची, गावाची आणि घरच्यांच्या पत्त्याची खरी नोंद राहावी, असं निवेदन निघालं तर त्यावर पहिल्या सह्या कामगार संघटनांच्या आधी जालन्यातल्या कीर्तनकारांच्या आणि मंदिरांच्या विश्वस्तांच्या असाव्यात.